ऑटोस्विच काढा म्हणण्याआधी एवढं वाचा : ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

मा. ऊर्जामंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

रब्बीचं पाणी सुरू झालं की एक आवाहन पेपरात आणि व्हॉट्सॲपवर फिरायला लागतं, शेतकरी बांधवांनी पंपाचे ऑटोस्विच (लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारे) काढावेत, कपॅसिटर (लाइनवरचा भार कमी करणारे) बसवावेत, रोहित्र म्हणजे डीपी जळण्यापासून वाचवावं. त्यातलं तांत्रिक म्हणणं शंभर टक्के खरंय. पण इतकी वर्षं सांगून पण फारसं कुणी ऐकत नाही आणि मग साहेब लोकांपासून शहरातल्या पाहुण्यांपर्यंत सगळे म्हणतात की शेतकरी बेशिस्त, त्याला स्वतःचं नुकसान कळत नाही. हे मला पटत नाही. जो माणूस कांद्याचा भाव बघून आज गाडी भरायची का अजून दोन दिवस थांबायचं याचा हिशेब करतो, त्याला डीपी जळाला तर आपलंच पीक वाळणार हे कळत नसेल का? नीट कळतं. तरी तो ऑटो लावतो. का लावतो ते समजून घ्यायचं असेल तर आधी आमच्याकडे लाइट कशी येते ते बघावं लागेल.

शेतीच्या थ्री फेजला एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, कागदावर आठ तास. प्रत्यक्षात रात्री अकराला यायची ती कधी साडेबाराला येते, वीस मिनिटांत ट्रिप होते, परत दोनला येते, आणि गेलेला वेळ भरून मिळेल याची खात्री नाही. मोटार विहिरीवर, विहीर वस्तीपासून लांब, बांधावर साप, आणि जुन्नर आंबेगाव शिरूर पट्ट्यात असाल तर उसात बिबट्या. मग माणूस ऑटो लावून झोपतो. त्याच्या एकट्यापुरता हा निर्णय बरोबरच आहे, त्याच्या जागी कुणीही हेच करेल. आणि सगळे हेच करतात म्हणूनच गडबड होते.

मोटार उठताना, म्हणजे चालू होताना, नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते, तेही फक्त काही सेकंद. शंभर केव्हीए क्षमतेच्या डीपीवर पाच एचपीच्या अठरा-वीस मोटारी असल्या की तो तसाही काठोकाठ भरलेला असतो, त्यात लाइट येताक्षणी सगळ्या एकदम उठल्या की व्होल्टेज धाडकन पडतं, व्होल्टेज पडलं की मोटारी वेग घेत नाहीत, वेग घेत नाहीत म्हणून जास्त करंट ओढत बसतात. फ्यूज उडतो. रात्री फ्यूज कोण बांधणार, म्हणून कुणीतरी जाड तार घालून ठेवतो, म्हणजे आता फ्यूजऐवजी डीपीच जळणार.

यात एकट्याने शहाणपणा करून काय होतं तेही बघा. मी माझा ऑटो काढला तर डीपी वाचत नाही, बाकीच्या मोटारी आहेतच, माझं पिकाला पाणी भरणं मात्र राहतं. आणि मी मागाहून बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो तर तोवर व्होल्टेज इतकं पडलेलं असतं की माझी मोटार उचलतच नाही. म्हणजे जो आधी उठला त्याला पाणी आणि जो थांबला त्याला शिक्षा. ही शर्यत आमच्या हौसेची नाही, आहे त्या व्यवस्थेने लावलेली आहे. कपॅसिटरचं पण तेच. पैसे मी घालायचे आणि लाइनवरचा भार कमी झाल्याचा फायदा सगळ्यांमध्ये वाटला जाणार, माझ्या वाट्याला जेमतेम काहीतरी, बिल वापरलेल्या युनिटवर नसून मोटारीच्या एचपीवर असल्यामुळे तेही कमी होणार नाही. सगळ्यांनी मिळून बसवले तर सगळ्यांचंच व्होल्टेज सुधारेल, पण पहिला कोण बसवणार?

आता मोफत विजेबद्दल बोलतो, यावर बोललं की लोक लगेच आपण कोणत्या पक्षाचे ते विचारतात, पण बोलायला पाहिजे. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बळीराजा योजनेत बिल माफ आहे. ज्याची शेती तोट्यात आहे त्याला हा मोठा आधार आहे, ती काढून घ्या असं मी म्हणणार नाही. फक्त तिचे दोन परिणाम डोळ्यासमोर ठेवा. एक तर साडेसातला रेघ मारली की त्या रेघेखाली राहण्यात फायदा तयार होतो, मग दहाची मोटार कागदावर साडेसातची दाखवावीशी वाटणारच, आणि कागदावरचा लोड बघून डीपी बसवला की तो पहिल्या दिवसापासून कमी पडणार. दुसरं म्हणजे बिल शून्य झालं तरी वीज फुकट पडत नाही. कमी व्होल्टेजने मोटार जळते आणि रिवायंडिंगच्या दुकानात काही हजार जातात, डीपी जळाला तर दुसरा येईपर्यंत हरभरा वाळतो, हे बिल कुठल्याच खात्यात दिसत नाही. वर तक्रार करायला गेलं की ऐकून घ्यावं लागतं, फुकट तर मिळतेय, अजून काय पाहिजे. गिऱ्हाईक पैसे देत असतं तेव्हा त्याचा आवाज असतो, पैसे सरकारकडून यायला लागले की आवाज पण सरकारकडे जातो. मला या योजनेतली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपते.

पंजाबमध्ये १९९७ पासून शेतीला मोफत वीज आहे आणि तिथलं भूजल किती खोल गेलंय ते सगळ्यांना माहितीय. पण त्याच पंजाबने २०१८ मध्ये 'पानी बचाओ, पैसा कमाओ' म्हणून एक प्रयोग सुरू केला, आधी फक्त सहा फीडरवर (सबस्टेशनातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांवर). वीज मोफतच ठेवली, मीटर बसवला, शेतकऱ्याला युनिटचा कोटा दिला आणि त्यातलं जेवढं वाचवेल त्यावर युनिटला चार रुपये त्याच्या खात्यात. सक्ती नाही, यायचं त्याने यावं. मला यातलं आवडलं ते हे की काही काढून न घेता पंप बंद करायला एक कारण दिलं. आमच्याकडे मीटर म्हटलं की लोकांना आता बिल सुरू होणार ही भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही, म्हणून मीटरबरोबर आधी पैसे येताना दिसले पाहिजेत.

आणि पंजाबला जायची पण गरज नाही. धुळे-नाशिक भागात पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. तिथे शेतकरी स्वतः पाणी वळवून घेत नाही, सगळ्यांनी मिळून नेमलेला पाटकरी पाळीने सगळ्या फडाला, म्हणजे एका पाटावरच्या शेतांच्या गटाला, पाणी देतो. म्हणजे पुढच्याने जास्त ओढायचं आणि शेवटच्याने कोरडं राहायचं हा प्रश्न आपल्याच लोकांनी कधीच सोडवून ठेवलाय. गावोगावचे लोक सामायिक पाणी, कुरण, जंगल असं कसं सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. डीपी म्हणजे आमचा आजचा पाट आहे साहेब, फक्त त्याला पाटकरी नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे. ऑटो काढायला लावू नका, तो निघणार नाही. त्याऐवजी टाइम डिले असलेला ऑटो द्या, अनुदानावर, आणि एका डीपीवरच्या प्रत्येक मोटारीचा डिले वेगळा लावा, पहिली मोटार लगेच, दुसरी अर्ध्या मिनिटाने, तिसरी त्यानंतर, म्हणजे वीस मोटारी दहा मिनिटांत उठतील आणि झोप कुणाची मोडणार नाही. पहिला नंबर दर आठवड्याला फिरवा. हे सांभाळायला डीपीवरच्या शेतकऱ्यांनीच एक माणूस नेमावा आणि त्याला थोडंफार मानधन मिळावं. कपॅसिटर एकेकाला विकत घ्यायला सांगण्यापेक्षा पूर्ण डीपीला एकदम बसवून द्या. ज्या गटाचा डीपी पूर्ण हंगाम जळला नाही त्या गटाच्या खात्यात बक्षीस म्हणून ठरावीक रक्कम टाका, सगळ्यांना सारखी, म्हणजे जाड तार घालणाऱ्याला शेजारीच अडवेल, वायरमनला पळावं लागणार नाही. लाइट ठरल्या वेळी आली नाही तर तेवढा वेळ त्याच आठवड्यात भरून द्या आणि तसा मेसेज मोबाइलवर पाठवा, कारण वेळेचा भरवसा आला तरच लोक शर्यत सोडतील, नाहीतर वरचं सगळं वाया जाईल.

सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचं काम चालू आहे, ते चांगलं आहे, रात्रीची भीती त्याने जाईल. पण दिवसा आली तरी सगळ्या मोटारी एकदमच उठणार, त्यामुळे ज्या फीडरला दिवसाची वीज सुरू झालीय तिथूनच सुरुवात करा. एक तालुका घ्या, निम्म्या डीपींवर हे करा आणि निम्मे आहेत तसे ठेवा, पुढच्या मार्चअखेर दोन्हीकडचे जळालेले डीपी मोजून आकडे जाहीर करा. आमच्या डीपीवरचे सगळे तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलूनच हे लिहितोय.

आपला,
एक कृषिपंप ग्राहक