मूकपटांची गती आणि सभागृहातील हशा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कोथरूडमधील एका सभागृहात दादासाहेब फाळके यांच्या 1919 सालच्या ‘कालिया मर्दन’चा खेळ पाहिला. बालकृष्ण यमुनेत उतरला तेव्हाच हशा पिकला होता; कालियाशी झुंज सुरू झाल्यावर तर पुढच्या रांगेतील मुले पोट धरून हसू लागली. खेळानंतर बोलताना एका वक्त्यांनी ‘त्या काळचा अभिनयच तसा असे, आणि पौराणिक चित्रपटाकडून याहून अधिक काय अपेक्षा ठेवणार’ असा निर्वाळा दिला. तो मला पटला नाही, कारण जुन्या यंत्रांशी थोडाफार संबंध आलेला माणूस म्हणून त्या हशाचे कारण मला अभिनयात नव्हे, चित्रपट चालवण्याच्या गतीत दिसले.

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाला साधारणपणे 16 ते 18 फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रे, घेतल्या जात. बोलपट आल्यावर आवाज नीट उमटावा म्हणून ही गती 24 फ्रेमवर कायम झाली. जुना मूकपट आज 24 च्या गतीने दाखवला की पात्रे जवळपास दीडपट वेगाने हालचाल करतात, नमस्कार करणारा माणूस डास मारल्यासारखा दिसतो आणि विलाप करणारी राणी तक्रार करीत असल्यासारखी वाटते. फाळके यांच्याच 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाची मूळ लांबी 3,700 फूट होती. 35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम असतात. त्यामुळे 16 च्या गतीने हा चित्रपट तासाभराहून थोडा अधिक चालतो, तर 24 च्या गतीने 41 मिनिटांत आटोपतो. तो चाळीस मिनिटांचा असल्याचे अनेक ठिकाणी छापलेले आढळते, ते बहुधा याच हिशेबातून आले असावे.

मी स्वतः काही वर्षे एका फिल्म सोसायटीसाठी 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टर चालवत असे. त्यावर मूकपट आणि बोलपट यांसाठी वेगळी गती ठरवणारा खटका होता आणि तो बदलायला एकदा मीही विसरलो होतो, तेव्हा प्रेक्षकांपेक्षा मला अधिक दोष द्यावा लागेल.

‘कालिया मर्दन’च्या बाबतीत हे विशेष जाणवते. कथा सुरू होण्यापूर्वी फाळके यांनी आपल्या मुलीचे, म्हणजे कृष्णाची भूमिका करणाऱ्या मंदाकिनीचे, चेहऱ्यावरील भाव एकामागून एक दाखवले आहेत. एका भावातून दुसऱ्या भावात जाताना त्या लहान मुलीचा चेहरा क्षणभर स्थिरावतो, आणि पाहणाऱ्याला तेवढाच क्षण हवा असतो. तो क्षणच आखडला की उरतात त्या वाकुल्या. पौराणिक कथेत पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला कृष्ण डोहातून वर येणार हे माहीत असतेच; बुवा तिथे किती थांबतात, यातच त्याची गोडी असते. शिवाय ज्या फाळक्यांनी 1912 साली ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेऊन रोपट्याची वाढ पडद्यावर दाखवली होती, त्यांना फिल्मवरच्या काळाची जाण नव्हती, असे कोण म्हणेल?

हरदासाची कथा मूळपदावर आणतो. ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, म्हणूनही काही जण हसतात, ज्या पुण्याने बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर जीव टाकला, त्या पुण्याला हे शोभत नाही. पुढे 1932 साली प्रभात कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ काढला, त्यातील दुर्गा खोटे यांची तारामती पाहताना मात्र कुणी हसत नाही. कथा तीच; पण बोलपट असल्यामुळे तिची गती बिघडवण्याची सोय कुणाला उरली नाही.

मूकपटांची एकच एक खरी गती नव्हती, हे मला मान्य आहे. दांडा फिरवणाऱ्याचा हात कमी-जास्त होई आणि खेळ लवकर संपवण्यासाठी तेव्हाचे चालकही घाई करीत. तरीही पाणी कसे पडते, माणूस कसा चालतो, हे पाहून योग्य गती बरीचशी जुळवता येते, आणि डिजिटल प्रतीत काही फ्रेम पुन्हा घालून हे काम करता येते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आपल्या शहरात आहे आणि त्याचे अनेक वर्षे काम पाहणारे पी. के. नायर यांनी फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले भाग मिळवून तेथे जपले. ज्या शहरात हे सांभाळले गेले, तेथील आयोजकांनी मूकपटाच्या प्रत्येक खेळाच्या सूचनेत गतीचा उल्लेख करावा आणि संगणकावरील तेच ते सूर वाजवण्याऐवजी पेटी-तबल्याची साथ ठेवावी, एवढीच विनंती आहे. कोथरूडच्या मंडळींनी हा खेळ अशा रीतीने पुन्हा ठेवला तर मी अवश्य येईन आणि पुढच्या रांगेतील त्या मुलांची तिकिटेही काढीन.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे 30