उजवा पाय आवरा, बाबा

पुणे
ऑगस्टचा पहिला शनिवार

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

बाबांनी चर्चच्या ऑर्गनवर गीत वाजवून पाठवलेलं रेकॉर्डिंग हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. बोटं चुकत नाहीत, लय पक्की आहे, तरी ऐकताना कुणी ऑर्गनवर बसून पियानो वाजवतंय असं वाटतं. मात्रांच्या प्रत्येक मापाला आवाज फुगतो आणि ओसरतो. ओळीचा शेवटचा कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, एकदम संपत नाही, चार बोटं चार वेळी सुटतात. आणि खालच्या सुरांचा नुसता गिचका झालाय. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून फोनवर न सांगता लिहून पाठवते. हे पत्र ऑर्गनच्या स्टँडवर ठेवता येईल.

आधी उजवा पाय. पियानोवर तो सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलवर असतो आणि मापागणिक आपोआप वरखाली होतो. ऑर्गनला सस्टेन नाही. त्या जागी, पायांच्या वर मधोमध, स्वेल पेडल आहे. खऱ्या पाइप ऑर्गनमध्ये ते पाइप ठेवलेल्या लाकडी खोलीच्या झडपा उघडतं आणि मिटतं. आपल्या चर्चच्या डिजिटल ऑर्गनमध्ये नुसती आवाजाची पातळी बदलतं. तुमचा पाय सवयीने त्यावर जातो, म्हणून गाणं लाटांवर बसल्यासारखं हलतं. स्वेल पेडल साधारण पाऊण उघडून ठेवा आणि पहिले दोन आठवडे दोन्ही पाय बाकाखालच्या आडव्या दांडीवर ठेवा. घरी पियानोवर सराव करतानासुद्धा उजवा पाय खुर्चीखाली मागे घ्या. पहिले दोन दिवस सगळं कोरडं, तुटक वाटेल. सस्टेन आजवर काय काय झाकत होतं, ते तेव्हा कळेल.

आता बोटं. ऑर्गनला जोर कळत नाही. पट्टी हळूच दाबा की आपटा, सूर तेवढाच. पेटीवाल्याला हे सांगावं लागत नाही, आणि पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या कोल्हापुरात तर नाहीच, पण पियानोच्या बोटांना सांगावं लागतं. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो, म्हणून बोट कधी उचललं याकडे फारसं लक्ष जात नाही. ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत तसाच उभा राहतो आणि उचलताच कापल्यासारखा थांबतो. त्यामुळे उचलणं दाबण्याइतकंच मोजून करायचं. शेवटचा कॉर्ड चार मात्रांचा असेल तर मनात पाच म्हणताना सगळी बोटं एकदम वर.

जोडून वाजवायला तीन युक्त्या लागतात. पहिली बोटबदल: सी सुराची पट्टी अंगठ्याने दाबा, पट्टी दाबलेलीच ठेवून तिसरं बोट तिच्यावर आणा, मग अंगठा काढा. मध्ये सूर तुटता कामा नये आणि दोनदा वाजताही कामा नये. पाच पट्ट्यांवर रोज पाच मिनिटं पुरे. दुसरी घसरण: काळीवरून शेजारच्या पांढरीवर तेच बोट घसरवायचं. तिसरी अंगठ्याची: लागोपाठच्या दोन पांढऱ्या पट्ट्या एका अंगठ्याने, आधी टोक आणि मग पेराचा बुडखा टेकवून. तुमच्या पुस्तकातले पियानोचे बोटांचे आकडे इथे बरेचदा चालत नाहीत. पेन्सिलने नवे लिहा, जुने खोडून टाका.

तोच सूर लागोपाठ आला तर मात्र तोडावा लागतो, नाहीतर दोन शब्दांचा एक लांब भोंगा होतो. वरच्या ओळीत, म्हणजे लोक गातात त्या चालीत, असा सूर अर्धी मात्रा वाजवायचा आणि अर्धी मात्रा सोडायचा. मधल्या ओळींत तो जोडून टाकला तरी चालतो, उलट बरं वाटतं. सगळंच तोडलं तर टाइपरायटर होतो.

गिचका कशाने झाला ते स्टॉपांवरून, म्हणजे ऑर्गनचे वेगवेगळे आवाज चालू करणाऱ्या खुंट्यांवरून, कळतं. स्टॉपवरचा आकडा फुटांत असतो, सर्वांत खालच्या सी च्या उघड्या पाइपची लांबी. ८ म्हणजे पियानोच्या पट्टीवर जो सूर तोच. ४ म्हणजे एक सप्तक वर, २ म्हणजे दोन सप्तकं वर, १६ म्हणजे एक सप्तक खाली. तुम्ही खालच्या कळफलकावर, म्हणजे ग्रेटवर, १६ काढलाय. भरदार वाटतो म्हणून काढला असणार. डाव्या हाताचे जाड कॉर्ड त्यावर पडले की चिखल ठरलेला. १६ पायांनी वाजवायच्या पेडल-पट्ट्यांसाठी ठेवा. मंडळी गाताना ग्रेटवर प्रिन्सिपल (ऑर्गनचा मूळ भरीव आवाज) ८ आणि ४, मंडळी जास्त असली तर २ सुद्धा. पेडलवर १६ आणि ८. वरच्या कळफलकावर, स्वेलवर, फ्लूट ८ आणि ४, आणि स्वेल टू ग्रेट कपलर, म्हणजे स्वेलचे आवाज ग्रेटवरून वाजवणारा जोड. लोकांना सूर सापडतो तो वरच्या २ च्या चकाकीमुळे, आवाज वाढवून नव्हे. ट्रेम्युलंट आणि सेलेस्ट गीताला बंद. एकाला थरथर आहे आणि दुसऱ्याचे सूर मुद्दाम किंचित बेसूर लावलेले असतात, त्यामुळे मंडळी कुठे धरायचं ते शोधत बसते.

पेडलकडे जाण्याआधी पायातलं. आई, तुझ्या डोक्यात नाटकातला ऑर्गन आहे. तिथे पाय भाता मारतात आणि हात गातात. चर्च ऑर्गनमध्ये हवेचं काम पाइप ऑर्गनात पंखा करतो, डिजिटलमध्ये हवाच लागत नाही, आणि पाय चक्क तिसरा हात होतात. म्हणून पायताण घालून वाजवणं बंद. टाचेला धरायला काही नाही, मागून पट्टा नाही, चप्पल पेडलवर राहते आणि पाय पुढे जातो. बुटाला पातळ चामड्याचा तळ हवा, म्हणजे पाय पेडलवर घसरतो. रबर चिकटतं. टाच साधारण सव्वा इंच, पुढचा भाग अरुंद आणि तळाच्या कडा बाहेर आलेल्या नकोत, नाहीतर एका पायाखाली दोन पेडल दाबली जातात. आपल्या चप्पल लाईनमध्ये जुन्या लेदर बुटाचा तळ बदलून मिळेल. कारागिराला ‘नाचायच्या बुटासारखा मऊ तळ’ असं सांगितलं तर त्याला चटकन कळेल. हे बूट बाहेर घालायचे नाहीत. एक खडा तळात रुतला तरी पेडलवर चरे पडतात.

बाकाची उंची आणि अंतर अंदाजाने ठेवू नका. मधल्या डी समोर बसा, दोन्ही चवडे पेडलवर नुसते टेकलेले, वजन न देता. गुडघे उचलावे लागत असतील तर बाक खाली आहे. चवडे पोचवायला पाय ताणावे लागत असतील तर वर आहे. एकदा बसलं की बाकाखालच्या लाकडी ठोकळ्यांची उंची वहीत लिहून ठेवा, झाडणारे बाक हलवतात. आणि बाबा, बाकावर चढताना पेडलवर पाय देऊ नका. आधी बाकाच्या टोकाला बसायचं, मग दोन्ही हातांनी बाक धरून पाय आत फिरवायचे. उतरताना उलट. आई, याकडे तू बघ, ते घाई करतात.

पेडल न बघता कसं शोधायचं? पियानोसारखेच तिथेही काळ्यांचे दोन-तीनचे गट आहेत आणि गटांच्या मध्ये रुंद फटी आहेत. उजवा चवडा हळूच पुढे सरकवून डी शार्प आणि एफ शार्पमधल्या फटीत घाला. डावीकडच्या काळीला टेकलात तर पायाखाली ई, उजवीकडच्या काळीला टेकलात तर एफ. तसंच डाव्या पायाने बी फ्लॅट आणि सी शार्पमधली फट: डावीकडे टेकलं की बी, उजवीकडे टेकलं की सी. या चार जागा सापडल्या की उरलेलं अंतराने येतं. मान खाली घातली की तोल जातो आणि वरचा हात चुकतो, म्हणून स्टँडवरून खाली दिसू नये असा एक पुठ्ठा लावा. गुडघे शक्य तितके जवळ, पेडल पायाच्या आतल्या कडेने, अंगठ्याच्या बाजूने दाबायचं आणि हालचाल घोट्यातून. गुडघ्यातून दाबलं की पेडल ‘धप्’ वाजतं आणि दुखणं घरी येतं.

खुणा पेन्सिलने: उजव्या पायाच्या ओळीच्या वर, डाव्याच्या खाली, चवड्याला टोपीसारखा उलटा व्ही, टाचेला यू. पहिला महिना टाच वापरू नका. डावा-उजवा-डावा-उजवा, फक्त चवडे.

पियानोवाल्याचा सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. गीतात एकाच वेळी चालणाऱ्या सुरांच्या चार ओळी असतात. उजवा हात वरच्या दोन वाजवतो, डावा हात तिसरी आणि पाय चौथी. पण तुमचा डावा हात गेली पन्नास वर्षं सर्वांत खालचा सूर धरत आला आहे. पाय चालू झाले की तो पायांमागे जातो आणि तिसरी ओळ गायब होते. शिवाय डावा हात खालचा सूर वाजवत असला की पायाची चूक झाकली जाते, महिनाभर कळतच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: पाय एकटे, मग डावा हात एकटा, मग हे दोन्ही एकत्र. सगळं बाजूला ठेवून याच जोडीवर सर्वांत जास्त वेळ द्या. ती पक्की झाली की उजवा हात आणि पाय, शेवटी तिन्ही. लय मोजणारा मेट्रोनोम ५० वर, एका वेळी चार मापं, एका बैठकीत वीस मिनिटं. त्यानंतर गुडघे आणि कंबर दोन्ही कुरकुरतात. डावा हात स्वेलवर वेगळ्या आवाजाच्या स्टॉपवर ठेवलात तर त्याची ओळ कानाला वेगळी सापडते.

कमिटीला नाताळात ऑर्गन हवाय, हे कळलं. माझं मत स्पष्ट आहे: नाताळात हातांनीच चारही ओळी वाजवा, पेडलला फक्त कडव्याच्या शेवटचा लांब सूर द्या. पूर्ण पेडल पुढच्या ईस्टरला. वीस आठवड्यांत सगळं बसवण्याची जिद्द दिसेल, पण मंडळी अडखळेल.

मंडळी गाताना त्यांची वाट बघू नका. मागच्या बाकापर्यंत वीस मीटर धरले तर तुमचा आवाज तिथे जायला आणि त्यांचा परत यायला मिळून ०.१२ सेकंद लागतो. तुम्ही थांबलात की ते आणखी थांबतात, आणि चौथ्या कडव्याला प्रेतयात्रा होते. सुरुवातीला कडव्याची पहिली आणि शेवटची ओळ गाण्याच्याच लयीत वाजवा, कडव्यांमध्ये दरवेळी तेवढाच श्वास द्या. दोन मात्रा द्यायच्या तर दोनच.

रेव्हरंड टिळकांची भजनं पेटी-तबल्यावरच राहू द्या. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ती देशी चालींवर बांधली. अगदीच द्यायचं तर स्वेलवर एकटा फ्लूट ८, फक्त चाल, हार्मनी नाही. ट्रान्सपोझर (सगळे सूर एकदम वरखाली सरकवणारं बटण) वापरलात तर नंतर शून्यावर आणा, नाहीतर पुढच्या गीताला मंडळी किंचाळते.

पावसाळ्याचं थोडं. चर्चमध्ये व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून स्टॅबिलायझरशिवाय ऑर्गन लावू नका आणि बंद करताना आधी व्हॉल्यूम शून्य. तुमच्या पियानोत दमट हवेसाठी बल्ब लावता, तो याच्यात नको. एखादा पेडल अडकला तर मिस्त्री बोलावण्याआधी वाकून बघा. दोन पेडलच्या मध्ये पेन्सिलीचा तुकडा किंवा दानपेटीकडे जाताना निसटलेलं नाणं असतं. रुंद ब्रशने काढा, ओला फडका नको. कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या दिसल्या तर मागचं झाकण त्याच दिवशी उघडून वायरी बघा.

आई, तुझं काम बाबांच्या पाठीशी उभं राहणं नाही. तू मागून तिसऱ्या बाकावर बस आणि गीतपुस्तकाच्या कडेला खूण कर, कुठले शब्द ऐकू आले नाहीत. रिकाम्या चर्चमध्ये घुमतं तितकं रविवारी घुमत नाही, माणसांचे कपडे आवाज पितात. म्हणून शनिवारी ठीक वाटलेलं रविवारी कोरडं वाटेल.

पुढचं रेकॉर्डिंग करताना फोन ऑर्गनवर ठेवू नका, आईच्या बाकावर ठेवा. बुटाचं माप पाठवायचं तर कागदावर पाय ठेवून पेन्सिलने आखा, आणि दोन्ही पायांची आखा. बाबांचा डावा पाय थोडा मोठा आहे.

तुमची लेक