घाट उतरताना गाडी न्यूट्रल नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कसारा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, जमले तर इंजिनही बंद करायचे आणि पेट्रोल वाचवायचे, हा सल्ला नाशिकमध्ये आजही सर्रास दिला जातो. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडरच्या काळात त्यात थोडे तथ्य होते. कार्ब्युरेटरच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी फिरते इंजिन पेट्रोल ओढतच राहते. मारुती ८००लाही २०००च्या सुमारास फ्युएल इंजेक्शन आले आणि हा हिशेबच उलटला. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून पाय पूर्ण उचलला की पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद होतात. चाकेच इंजिन फिरवतात, पेट्रोल जळतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतेच. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालायचा, ती बचतच होत नाही.

धोका किती, तेही पाहावे. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना उंची साधारण तीनशे मीटरने कमी होते. चार माणसे आणि सामान धरून मारुती ८०० टनभराची होते. तिला न्यूट्रलमध्ये फक्त ब्रेकवर उतरवले, तर सुमारे नऊ लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. हवेच्या आणि टायरच्या रोधात जाते ते सोडले, तर ती सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्येच मुरते. इंजिन बंद केले तर आणखी वाईट. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखे होते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉकच होते.

कमी गिअरमध्ये इंजिनच गाडीला अडवते. तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकावा, वेग वाढल्यावर नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचे. कसाऱ्याला बहुतेक ठिकाणी तिसरा चालतो. नांदुरीहून सप्तशृंगगडाच्या वळणांना दुसराच हवा. इंजिनाचे फेरे मिनिटाला अडीच-तीन हजारांवर गेले, आवाज वाढला, तरी घाबरू नये, त्याने इंजिन बिघडत नाही. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नये. तीन-चार सेकंद ठाम दाबून वेग दहा-पंधरा किलोमीटरने उतरवावा आणि सोडून द्यावा, तेवढ्यात वारा लागतो. ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा मॅन्युअल मोड याचसाठी असतो. आपल्या सातपूरला बनणाऱ्या बोलेरोसारख्या डिझेल गाड्यांनाही हेच लागू, आणि भरल्या ट्रकला तर दुप्पट लागू: तिथे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, ते पंप करत राहिले की टाकीतली हवाच संपते.

जळका वास आला, पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड किंवा लायनर तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळले आहे. हे दुसरे जास्त घातक. पेडल भराभर पंप करावे, एकेक गिअर खाली आणावा, हॅंडब्रेक हळूहळू ओढावा. गाडी कडेला घेऊन वीस-तीस मिनिटे थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते. चाकाला लावलेला दगड निघताना उचलून रस्त्याबाहेर टाकावा. हे दगड तसेच पडून राहतात आणि रात्री दुचाकीवाल्यांचा घात करतात.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांना उकळते, ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत घसरते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून ब्रेकच्या नळ्यांतली एअर (हवा) काढून घ्यावी. पातळी कमी दिसली की नुसते वरून भरू नये. बहुधा पॅड झिजलेले असतात किंवा कुठे तरी गळती असते.

गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच वेग फार कमी झाला की सुटतो आणि इंजिनाची अडवणूक संपते. तीव्र उतारावर किंचित रेस देऊन तो पुन्हा धरून घ्यावा आणि दोन्ही ब्रेक वापरावेत. इलेक्ट्रिक गाडी इगतपुरीत शंभर टक्के चार्ज करून उतरू नये. उतारावर मोटर गाडीला अडवत वीज बनवते, पण भरलेल्या बॅटरीत ही परतीची वीज घ्यायला जागा नसते, मग सगळा भार ब्रेकवर येतो.

सिंहस्थासाठी बाहेरगावचे हजारो चालक आपल्या घाटांतून येतील-जातील. ‘कमी गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल नको’ असे मराठी-हिंदी फलक संबंधित खात्याने कसारा आणि सप्तशृंगगडाच्या घाटात लावावेत. ते पहिल्या वळणावर नकोत. उतार सुरू होण्याच्या निदान दोनशे मीटर आधी हवेत, म्हणजे गिअर बदलायला वेळ मिळेल.

आपला,
एक वाचक, नाशिक