फोटो वरून काढा, पण खाली गावाचं नाव लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पहिल्या पानावर पुराचा ड्रोनने काढलेला फोटो होता. फोटो उत्तम. तीस वर्षं स्टुडिओ चालवला, तेवढं मला कळतं. पण खाली ओळ एवढीच : ‘मराठवाड्यातील पूरग्रस्त गावाचे विदारक दृश्य’. स्टँडवरच्या हॉटेलात आम्ही चौघं तो अंक टेबलावर पसरून अर्धा तास भांडलो. एक म्हणाला, हे सीनाकाठचं, माझ्या मेव्हण्याचं गाव. दुसरा म्हणाला, छे, शाळेचे पत्रे निळे आहेत, म्हणजे आपल्या तेरणेकडचंच. तिसऱ्यानं देवळाच्या कळसावरून तिसरंच नाव घेतलं. शेवटी हॉटेलवाल्यानं पुरावर भज्यांची प्लेट ठेवली आणि वाद मिटला. ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ती माणसं कोणत्या गावची हे मात्र कळलं नाही ते नाहीच.

यावर पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे एक जुना फोटो. पुतण्याने मोबाइलवर दाखवला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात 18 एप्रिल 1906 रोजी पहाटे 5 वाजून 12 मिनिटांनी भूकंप झाला. त्यामागून आगी लागल्या, त्या काही दिवस विझल्या नाहीत. अडीच-तीन हजारांहून जास्त माणसं गेली, सव्वादोन लाखांच्या आसपास लोक बेघर झाले. शिकागोचा जॉर्ज लॉरेन्स नावाचा फोटोग्राफर तिथं गेला आणि 28 मे रोजी, म्हणजे चाळीस दिवसांनी, त्यानं अख्खं शहर आभाळातून टिपलं. विमान नव्हे, पतंगांवरून! एका दोरावर पतंगांची माळ, त्याखाली सुमारे 22 किलोचा कॅमेरा, आणि हे सगळं खाडीतल्या जहाजावरून उडवलेलं. हा गडी त्याआधी फुग्यातून फोटो काढायचा. 1901 मध्ये दोनशे फुटांवरून खाली आला, वाटेत तारांत अडकला म्हणून वाचला. मग शहाण्यासारखं त्यानं ठरवलं की आपण खाली राहायचं आणि कॅमेऱ्याला वर पाठवायचं.

आमच्या धंद्यातल्या माणसाला यातली खरी अवघड गोष्ट लगेच दिसते. वाऱ्यावर झुलणारा कॅमेरा स्थिर कसा ठेवायचा? त्यानं कॅमेऱ्याला बांबूचे हात लावले होते, त्यांच्या टोकांपासून दोऱ्या खाली आणून वजन टांगलं होतं. कॅमेरा हेलकावला की वजन त्याला सरळ करी. शटर दाबायला वर माणूस नाही, म्हणून दोरातूनच वीज पाठवून शटर उघडायचं. आणि निगेटिव्ह जवळपास चार फूट रुंद! मोठं करायची गरजच नाही, जेवढी फिल्म तेवढाच प्रिंट. लग्नात ग्रुप फोटोला सगळ्यांचे डोळे उघडे मिळावेत म्हणून मी स्टुलावर चढून तीन-तीन वेळा ‘हलू नका’ म्हणायचो. इथं सगळं शहर एका क्लिकमध्ये. एकेक प्रिंट त्यानं 125 डॉलरला विकला म्हणतात. विकू दे. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. फोटोवरच लिहिलंय : उंची 2000 फूट, खाडीच्या वरून, धक्क्याच्या दिशेनं पाहताना, गोल्डन गेटवर सूर्यास्त. कुठून, किती वरून, कोणत्या वेळी. (गोल्डन गेट म्हणजे खाडीचं तोंड, पूल नव्हे.) शंभराहून जास्त वर्षांनी मी लोहारा तालुक्यात बसून सांगू शकतो की पुढं उभा असलेला मनोरा फेरी बिल्डिंगचा आणि तिथून सरळ आत जातो तो मार्केट स्ट्रीट.

आता आमचं सांगतो.

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि तेरणेच्या दोन्ही अंगांची गावं बसली. सुमारे 10,000 माणसं गेली. आमचंही गाव त्यातलंच, नाव लिहीत नाही, कारण पुढं मी जे लिहिणार त्यावरून कोणाला त्रास नको. उजाडल्यावर माझ्या हाती याशिका कॅमेरा आणि 36 फोटोंचा एक रोल होता. काय काढावं कळेना. चावडीच्या ढिगाऱ्यावर चढलो, कॅमेरा डोक्याच्या वर धरला, आणि न बघता बटण दाबत गेलो. मला गाव दिसत नव्हतं, म्हणून वाटलं, कॅमेऱ्याला तरी दिसेल.

लॉरेन्सच्या फोटोत आणि माझ्या फोटोत एक फरक आहे, तो बघून मला रात्री झोप आली नाही. तिथं शहर जळालं, पण रस्ते उरले. जळक्या भिंतींमधून सरळ रेषा दिसतात, माणूस आपलं घर कोणत्या चौकात होतं ते बोटानं दाखवू शकतो. आमच्याकडे रस्तेच गेले. दोन-दोन, तीन-तीन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडाच्या लादणीवर हातभर पांढऱ्या मातीचं माळवद, आणि मधून बोळ एवढा की बैलगाडी आली तर माणसानं दारात शिरावं. भिंती बोळात पडल्या आणि बोळ संपला. गाव म्हणजे एकच ढीग. माझ्या आईचं घर मी पांढऱ्या मातीत तीन ठिकाणी उकरलं. चौथ्या ठिकाणी सापडलं, तेही साण्याखाली, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या भोकाखाली, टांगलेल्या शिंक्यामुळे.

आधीचं गाव वरून कसं दिसत असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लहानपणी आम्ही माळवदावरून माळवदावर उड्या मारत वेशीपासून मारुतीपर्यंत जायचो, पाय जमिनीला लागायचा नाही. म्हणजे वरून एकच मातकट चौथरा, त्यात साण्यांचे काळे ठिपके, आणि वाळत घातलेल्या मिरच्यांचा एखादा लाल चौकोन. असा फोटो मी कधी पाहिला नाही. भूकंपानंतर हेलिकॉप्टरं रोज घिरट्या घालायची, खिडकीतून कॅमेरे डोकावताना मी पाहिले. त्यातला एकही फोटो गावात आला नाही. 52 गावं नव्या जागी वसवली, शेत किती त्यावरून 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. पुढं जुन्या गावठाणातल्या जागेवरून भावकीत वाद सुरू झाले, तेव्हा आमच्या आळीतल्या चार म्हाताऱ्यांनी जमिनीवर काटकीनं नकाशा काढला. चौघांचे चार नकाशे झाले.

आणि माझा तो रोल? सोलापूरला धुऊन आणला. मग एका कार्यालयातल्या साहेबांनी ‘रेकॉर्डला लावतो’ म्हणून निगेटिव्ह मागून घेतल्या. पावती मागायचं सुचलं नाही, घरात सुतक होतं. चार वर्षं खेटे घातले. शेवटी सांगण्यात आलं की कपाट हलवताना पावसात भिजलं. प्रिंट मी आधीच काढून ठेवले होते, त्यातले 11 उरले आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आता अतिवृष्टी झाली की ड्रोन उडतात. पंचनाम्याला उडतात, वर्तमानपत्राला उडतात, यूट्यूबवाल्या पोरांचे तर रोजच उडतात. प्रत्येक फोटोखाली गावाचं, तालुक्याचं नाव, तारीख, वेळ आणि कॅमेरा कोणत्या बाजूला तोंड करून होता ते छापा. जागा नसेल तर ‘विदारक’ काढा, तेवढ्यात गावाचं नाव बसतं. पंचनाम्याच्या फोटोंची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, मोठा प्रिंट काढून, चावडीच्या भिंतीवर, मोबाइलमध्ये नव्हे. आणि पूर यायच्या आधी, उन्हाळ्यात, गाव कोरडं असताना एक फोटो काढून ठेवावा. हे सगळ्यात स्वस्त काम आणि हेच कोणी करत नाही. मोबाइलच्या नकाशावर आमचं नवं गाव नावासकट दिसतं. जुन्याच्या जागी वेड्या बाभळींचा हिरवा पट्टा आहे, त्याला नाव नाही.

चावडीच्या ढिगाऱ्यावरून काढलेल्या त्या 11 पैकी एकात मागं वेस उभी दिसते. तुम्हाला छापायचा असेल तर कळवा, चांगली कलर झेरॉक्स पाठवीन. मूळ प्रिंट पाठवणार नाही. बघायचाच असेल तर तुमचा माणूस घरी यावा, चहा पाजू.

आपला वाचक,
एक निवृत्त फोटोवाला
ता. लोहारा, जि. धाराशिव