खालच्या गल्लीतल्या लेकरासाठी महिन्याला शंभर रुपये

नमस्कार मंडळी, गणपतीची वर्गणी आत्ताच घेतली आणि सोयाबीनचे पैसे अजून कुणाच्या हातात नाहीत हे माहीत आहे, तरी मंडळाकडून पुन्हा वर्गणी मागायलोत. खालच्या गल्लीतलं ते दोन वर्षांचं लेकरू सगळ्यांना माहीतच आहे, घरच्यांनी नाव-फोटो टाकू नका म्हणलंय म्हणून टाकत नाही.

त्याला लो सिंड्रोम आहे. साधारण 5 लाखात एखाद्याला होणारा आजार, तोही जवळपास मुलग्यांनाच. जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अंग ढिलं, मान उशिरा धरली, समज-बोलणं मागं. त्यात किडनी अशी की शरीराला लागणारं बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार), फॉस्फेट, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, मग हाडं वाकतात, वाढ खुंटते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, तो खर्च संपला. पण हा आजार मुळातून बरा करणारं औषध अजून निघालेलं नाही, जे वाहून जातं ते रोज तोंडानं भरून द्यावं लागतं. सोड्याच्या गोळ्या, फॉस्फेट, व्हिटॅमिन डी, वर रक्ताच्या तपासण्या, फिजिओथेरपी, पुढं काचबिंदू होऊ शकतो म्हणून डोळ्याचं प्रेशर बघायला संभाजीनगरला चक्कर, आणि बाप तर रोजंदारीवर. म्हणून एकदाच पाच हजार देऊन फोटो काढण्यापेक्षा महिन्याला शंभर द्या पण वर्षभर द्या, कारण औषधात खंड पडला की रक्तातलं आम्ल वाढतं अन् लेकरू परत गळून जातं.

आणखी एक, पारावर काहीजण म्हणायलेत की नात्यात लग्न केलं म्हणून असं झालं. नात्यातल्या लग्नानं काही आजारांचा धोका वाढतो हे खरंय, पण या आजाराचं तसं नाही. एक्स गुणसूत्रावरच्या एका जीनमधला हा बिघाड आहे, बऱ्याचदा आईकडून येतो पण तिला स्वतःला त्रास नसतो, कळणार कुठून? आणि तीनातल्या साधारण एका केसमध्ये तर आईतही नसतो, लेकरातच नव्यानं होतो. त्या बाईला बोलणं बंद करा राव, पैसे नाही दिले तरी चालेल.

पैसे मंडळाच्या कॅशियरकडंच द्यायचे, पावती घ्यायची. मेडिकलवाल्याचं बिल मंडळच भरणार, दर महिन्याचा हिशोब मंदिराच्या बोर्डावर लागेल. सोनोग्राफी सेंटर नाहीतर लॅबमध्ये ओळख असलेल्यांनी तपासणीत सवलत मिळवून दिली तरी तीही वर्गणीच धरू. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या आपल्या पोरांना हा मेसेज आजच पाठवा, पहिलं बिल 5 तारखेला भरायचंय.