इंजिन ओढत नाही म्हणून लगेच पंप खोलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा संपला, काठावर चढवलेल्या बोटी परत पाण्यात उतरल्या आणि दरवर्षीची तीच तक्रार परत सुरू झाली, इंजिन स्टार्ट होतं पण ओढत नाही. मी मुंबई बंदरात गेटवेसमोर मुरिंगवर (तळाशी नांगरलेल्या बोयाला बांधून) असणाऱ्या एका शिडाच्या बोटीवर बरीच वर्षं काम करतोय, बोटीत आतच बसवलेलं छोटं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, आणि याच तक्रारीपायी आमचे दोन सीझन कसे गेले ते लिहितोय, कारण बाकीच्यांचे तरी पैसे वाचावेत.

मांडव्याहून परत येत होतो. संध्याकाळी वारा पडला, शीड लटकलं, ओहोटी बाहेर ओढत होती, म्हणून इंजिन लावलं. अर्धा तास मस्त चाललं आणि मग आवाज हळूहळू खाली यायला लागला, 2800 आरपीएमवरून 1500 वर, थ्रॉटल कितीही पुढे ढकला काही फरक नाही. समोरून न्हावा शेवाला जाणारं कंटेनर जहाज येत होतं. अशा वेळी पोटात काय होतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. शेवटी इंजिन बंद पडलं, दहा मिनिटांनी परत लावलं तर जसं काही झालंच नाही असं चालू.

मेकॅनिक आला, मुरिंगवर न्यूट्रलमध्ये रेस केलं, इंजिन एकदम छान. तो म्हणाला, "दादा, डिझेलचा पंप कमजोर झालाय, खोलावा लागेल." पंप खोलला, इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलले, 24 हजार गेले, आणि पुढच्याच फेरीत तेच.

मुळात न्यूट्रलमध्ये रेस करून काही कळत नाही, कारण लोडच नसतो तर डिझेल लागतं किती? बोट जेट्टीला दोन्हीकडून घट्ट बांधायची, गिअर टाकायचा आणि तसं अर्धा-पाऊण तास चालवायचं, तेव्हा खरं रूप दिसतं. आणि मागे धूर बघायचा. काळा धूर येत असेल आणि आरपीएम चढत नसतील तर इंजिनावर ओझं जास्त आहे किंवा त्याला श्वास घेता येत नाहीये, म्हणजे बोटीखालच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) बार्नॅकल, म्हणजे चिकटणारे शिंपल्यासारखे जीव, बसलेत, एअर फिल्टर तुंबलाय नाहीतर एक्झॉस्टच्या एल्बोत (वाकड्या पाइपात) काजळी आणि मीठ साचलंय (आपल्या गरम पाण्यात काही आठवडे बोट नुसती उभी राहिली तरी पंखा खडबडीत होतो, पाणबुड्याला एकदा पाठवून खरवडून घ्या, खर्चही फार नाही). पण धूर अजिबात नाही आणि इंजिन हळूहळू दम टाकतंय, तर त्याला डिझेल पोचत नाहीये. आमचं हेच होतं आणि आम्हाला धूर बघायचं सुचलंच नाही.

मग एका जुन्या तांडेलकाकांनी सांगितलं, टाकी बाजूला ठेव, स्वच्छ कॅनमध्ये डिझेल भर, नळी थेट त्यात सोड, नळीतली हवा काढ आणि चालव. चालवलं. गिअरमध्ये दोन तास, एकदाही आवाज बदलला नाही. म्हणजे इंजिन, पंप सगळं ठीक, घोळ टाकीत.

टाकीतली ओढणारी नळी वर काढली तर तिच्या टोकाला करंगळीच्या पेरापेक्षा लहान तारेची जाळी, आणि तिच्यावर काळपट बुळबुळीत थर, पेजेवर साय धरते तसा. डेकवरच्या, टाकीत डिझेल भरायच्या झाकणाची रबर रिंग चिरलेली होती, तिथून पावसाचं पाणी टाकीत गेलं, पाणी आणि डिझेल एकमेकांना टेकतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्याचाच हा थर. इंजिन डिझेल ओढायला लागलं की तो जाळीला चिकटतो, बंद केलं की सुटून खाली पडतो, म्हणूनच दहा मिनिटांनी सगळं ठीक वाटायचं आणि म्हणूनच मेकॅनिकला काही सापडत नव्हतं. टाकी धुतली, दोन्ही फिल्टर बदलले, रिंग नवीन टाकली.

टाकीच्या हवेची नळीपण बघा. मीठ जमून किंवा कुंभारमाशीने मातीचं घर केल्यामुळे ती बंद होते, मग टाकीत हवा जात नाही आणि डिझेल बाहेर येत नाही. चालू इंजिनावर टाकीचं झाकण सैल केल्यावर सूं करून हवा आत गेली आणि आवाज सुधारला तर कारण सापडलं.

माझी कळकळीची विनंती आहे, बोटमालकांनी आणि क्लबवाल्यांनी ही माहिती मराठीत एका पानावर छापून इंजिनाच्या झाकणाच्या आतून चिकटवावी. मॅन्युअल सगळी इंग्रजीत असतात आणि ती मालकाच्या घरी कपाटात राहतात, पण भर समुद्रात इंजिन बसतं तेव्हा तिथे खलाशीच असतो ना? आपण हे पत्र छापलंत तर पहिलं पान माझ्याकडून तयार करून द्यायला मी तयार आहे.

आपला,
शिडाच्या बोटीवरचा एक खलाशी, मुंबई