बाळूच्या पहिल्या तोडणीची बाटली

नाशिक,
दि. १२ डिसेंबर २०२४

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

जवळजवळ तीन वर्षे मी तुला पत्र लिहिले नाही, आणि त्याचे कारण तुलाही ठाऊक आहे. जानेवारी २०२२ मध्ये किराण्याच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला, त्या रात्री आपण फोनवर तासभर भांडलो. तू वर्ध्याच्या दारूबंदीत आयुष्य काढलेला, मी दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत. तू म्हणालास की वाइन ही दारूच आहे, मी बागायतदारांच्या बाजूने बोलत राहिलो, आणि शेवटी तू माझ्या वडिलांचे, दादांचे, नाव काढलेस तेव्हा मी फोन ठेवून दिला. तो निर्णय नंतर अमलात आलाच नाही, आणि आपण मात्र बोलायचे थांबलो. आज लिहितो आहे ते अशा एका गोष्टीसाठी, जी सांगायला आपल्या तिघांतला बाळू गेल्यानंतर तुझ्याखेरीज मला कोणी नाही.

प्रकृती ठीक आहे. साखर आटोक्यात आहे. हिचे गुडघे थंडीत दुखतात, एवढेच.

दिवाळीच्या साफसफाईला मी माळ्यावर चढलो होतो. जुन्या वह्यांच्या खोक्याला हात लावला तर ते खालून ओले होऊन वाळलेले, काळपट जांभळ्या डागाचे निघाले, आणि आंबट, झणझणीत वास नाकात शिरला. त्या खोक्यात बाळूने २००६ च्या दिवाळीत दिलेली बाटली होती. थॉम्पसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, बाग काढून त्याने २००३ मध्ये शिराझ या वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, तिच्या पहिल्या तोडणीची ती बाटली. देताना तो म्हणाला होता, "तुला प्यायची नाही हे मला माहीत आहे. तू फक्त ठेव." तुला वर्ध्याला बाटली पाठवता येणार नाही म्हणून त्याने भावाच्या बागेतले दोन किलो बेदाणे पाठवले होते, आणि तू उलट टपाली "माझ्या वाट्याला नेहमी वाळलेलेच येते" असे लिहिले होतेस, ते कार्ड तो पाकिटात घेऊन हिंडत असे.

बाटली अठरा वर्षे उभी राहिली, हा माझा अडाणीपणा. बूच ओले राहावे म्हणून ती आडवी ठेवायची असते, हे मला आता कळले. आपल्याकडच्या वैशाखात पारा चाळिशीला टेकतो, माळाही तापतो. बूच सुकून आकसले, वाइन झिरपली आणि आत हवा शिरली. निम्मी उरली होती, ती व्हिनेगरच्या वाटेला लागलेली होती. मी बाटली हातात धरून शिडीच्या पायरीवरच बसलो, आणि नाना, मला त्या वासात दादा दिसले. हातभट्टीचा वास असा नसतो, हे मला समजते. तरीही नाल्याकडच्या गुत्त्यावरून आपण तिघे त्यांना बाळूच्या बैलगाडीत घालून आणत होतो, तू कंदील धरायचास, ती सगळी वाट डोळ्यांपुढे उभी राहिली. ही खालून हाका मारत होती आणि मला उत्तर देता येईना.

आता खरी काळजी सांगतो. माळ्यावर ती एकच बाटली नाही. बाळू २०१९ च्या पितृपंधरवड्यात गेला आणि त्याच वर्षीच्या दिवाळीपासून त्याचा मुलगा दरवर्षी दोन बाटल्या घेऊन येतो, एक लाल आणि एक पांढरी. ज्या वायनरीला तो माल घालतो, तिच्याच त्या असतात. सहा दिवाळ्यांच्या बारा बाटल्या झाल्या. तो पाया पडतो, फराळ खातो, आणि निघताना विचारतो, "काका, मागच्या वेळची कशी लागली?" पहिल्या वर्षी त्याने "घ्याल ना, काका?" असे विचारले आणि मी "हो" म्हणालो, कारण त्याचा बाप जाऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून माझ्याने दुसरे काही बोलवले नाही. त्यानंतर दरवर्षी "छान" म्हणावे लागले. चौतीस वर्षे शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवले आणि बाळूच्या मुलाशी सहा वेळा खोटे बोललो. दादांच्या मरणानंतर आईच्या गळ्यातली माळ हातात धरून मी दारूला न शिवण्याची शपथ घेतली, तेव्हा तू आणि बाळू शेजारी उभे होता. त्या पोराला यातले काहीच माहीत नाही.

तू म्हणशील की मोरीत ओतून मोकळा हो. हिनेही तेच सुचवले. ते मला जमत नाही, आणि का जमत नाही ते २०१० चा हंगाम पाहिला असतास तर तुला कळले असते. त्या वर्षी बाळूच्या कंपनीने करार असूनही माल उचलला नाही. ही द्राक्षे बाजारात विकता येत नाहीत. मणी बारीक, साल जाड, आत बिया, बेदाणाही धड होत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून डावणी आणि भुरी या रोगांशी झगडून वाढवलेले घड वेलींवरच सुकत गेले आणि मार्च संपता संपता मण्यांचा सडा पडला. मी रविवारी मळ्यात जायचो. बाळू ओळींमधून माझ्याबरोबर चालायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. पुढे त्याने अर्धी बाग उपटली, उरलेली दुसऱ्या वायनरीला बांधली, आणि तीच आज मुलगा सांभाळतो आहे. एका बाटलीला किलोभराहून अधिक द्राक्ष लागते. ते घड जमिनीवर पडलेले मी पाहिले आहेत. आता माझ्या हाताने मोरीत कसे घालू?

दुसऱ्याला द्यावे, तर कोणाला? सोसायटीच्या वॉचमनने दिवाळीत "सर, काही असेल तर द्या" म्हटले होते. त्याची बायको चार घरची धुणीभांडी करते आणि मुलगी सातवीत आहे. दादांची सुरुवातही कोणीतरी फुकट पाजलेल्या पेल्यानेच झाली होती, असे आई सांगायची. मी त्याला देणार नाही, हे अगदी पक्के. वरच्या मजल्यावरचे तरुण जोडपे कधीमधी घेते आणि जबाबदारीने घेते, त्यांना दिली तर माझी हरकत नाही. पण ज्याची भेट आहे त्याला न सांगता ती पुढे सरकवणे म्हणजे सातवे खोटे होईल. विकणे कायद्यात बसत नाही आणि मनातही नाही. ठेवून द्यावे, तर तेही चूकच आहे. पोरगा बोलता बोलता म्हणाला होता की पांढरी वाइन वर्षा-दोन वर्षांत संपवलेली बरी, म्हणजे सुरुवातीच्या बाटल्या मी माळ्यावर ठेवून ठेवूनच बिघडवल्या आहेत.

राहिली बाळूची बाटली. सूनबाईने वाचून सांगितले की अशा वाइनमध्ये तेवढेच पाणी आणि थोडे कच्चे व्हिनेगर घालून, रुंद तोंडाच्या बरणीवर फडके बांधून उबदार जागी ठेवले, तर काही आठवड्यांत त्याचे पुरते व्हिनेगर होते. मी तसे केले. आईच्या लोणच्याची ती पिवळी बरणी तुला आठवत असेल, तिच्यातच ठेवले आहे. सहा आठवडे झाले; वर दुधावरच्या सायीसारखा थर धरला आहे आणि वास स्वच्छ, तिखट येतो. वसतिगृहात बाळूच्या ट्रंकेतला द्राक्षांचा डबा आठवड्यानंतर फट्‌कन उघडून तुझ्या गादीवर सांडला, रेक्टर वास घेत धावत आले आणि तू त्यांना अर्धा तास किण्वन समजावून सांगितलेस, ते बरणीचे फडके सोडताना दर वेळी आठवते. तेव्हा बाळू पांघरुणात तोंड घालून हसत होता आणि मी कोपऱ्यात थरथरत होतो. माझा हात धरून बाहेर नेणारा तूच होतास.

म्हणून तुला दोन गोष्टी विचारतो. पहिली तू रसायनशास्त्राचा मास्तर म्हणून सांग: जिवाणूंनी हवेच्या साह्याने अल्कोहोलचे आम्ल केले, तर त्याला अजून वाइन म्हणायचे का? आणि शपथेचा साक्षीदार म्हणून सांग, की जेवताना कांद्यावर त्याचा एक चमचा घेतला, तर आईला दिलेला शब्द मोडतो का? बाळूच्या पहिल्या तोडणीची चव मला एकदा घ्यायची आहे, नाना. पण शब्द मोडून नको.

दुसरी गोष्ट अवघड आहे. पोरगा संक्रांतीला येणार आहे. मी त्याला सगळे सांगायचे ठरवले आहे: बाटल्या फोडल्या नाहीत हे, का फोडल्या नाहीत हे, आणि त्याचा बाप हे जाणूनच ती पहिली बाटली देऊन गेला होता हेही. गेल्या दोन दिवाळ्यांच्या चार त्याच्यासमोर काढीन आणि त्याची संमती असेल तर वरच्या जोडप्याला देईन. आधीच्या आठ तो पाहून सांगेल तशा बरणीत जातील. यापुढे बाटलीऐवजी बांधावरच्या वेलाची खायची द्राक्षे आण, असे सांगेन. पण हे सांगायचे तर दादांचे सांगावे लागेल, आणि दादांचे कोणाला सांगायचे नाही असे आपण तिघांनी एकमेकांना वचन दिले होते. बाळूने ते इतके पाळले की आपल्या मुलालाही बोलला नाही. आता त्या वचनातून मला सोडवू शकणारा तू एकटा उरला आहेस.

तुझ्या धाकटीचे लग्न ठरल्याचे आक्काकडून कळले, फार आनंद झाला. तारीख कळव, आम्ही दोघे येऊ. डोळ्याच्या ऑपरेशननंतर वाचता येऊ लागले का? येत नसेल तर वहिनींकडून वाचून घे, त्यांना कळले तरी चालेल. फोनवरच्या त्या रात्री तू दादांचे नाव रागाने घेतलेस असे मी इतकी वर्षे समजत होतो. माळ्याच्या शिडीवर बसल्यावर वाटले, की तू माझ्यासाठी घाबरला होतास.

उत्तर संक्रांतीच्या आत पाठव. तोवर बरणी फडके बांधून आईच्या फडताळात ठेवली आहे.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ